सांडवा ओलांडला तो सोमवार

मला साखर निघाली म्हणून आम्ही चालायला लागलो. डॉक्टरांनी चालायला मला सांगितलं होतं, बायकोला नाही. पण मी एकटा गेलो तर पहिल्याच टपरीवर भजी खात बसेन अशी तिची खात्री होती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. बोईसरच्या कारखान्यांना लागून असलेल्या आमच्या सरावलीत चालायचं म्हणजे टँकर आणि कंपनीच्या बसगाड्यांमधून अंग चोरत जायचं. तीस वर्षं शिफ्टसाठी ते केलं होतं, निवृत्तीनंतर पुन्हा नको होतं. म्हणून दर सोमवारी सकाळची पहिली एस.टी. धरून आम्ही आत डोंगराकडच्या एका धरणावर जायला लागलो. सोमवारच का, ते मला नंतर कळलं.

धरण लहानसंच. एस.टी. सोडते ती सांडव्याच्या अलीकडं. तिथून पाणी उजव्या हाताला ठेवून निघायचं. आधी मातीचा बांध, मग एका वाडीच्या मागून जाणारी पायवाट, मग चढ, आणि वर माळ. माळावर झाड असं नाहीच, गुडघाभर गवत आणि मधून मधून काळा कातळ. हवा स्वच्छ असली की पश्चिमेला बोईसरच्या चिमण्या दिसायच्या, उदबत्तीच्या काड्यांएवढ्या. माळ उतरला की सांडव्याची पलीकडची कड येते. तिथून आपला एस.टी.चा थांबा हाकेच्या अंतरावर दिसतो. मध्ये फक्त सांडव्याची फरशी आणि तिच्यावरून वाहणारं घोटाभर पाणी.

ती फरशी ओलांडायची नाही, असा बायकोचा नियम होता.

आमच्या इमारतीत सगळे बाहेरचे. कोणी जळगावचे, कोणी लातूरचे, आम्ही साताऱ्याकडचे. त्यातल्याच कोणीतरी तिला सांगितलं होतं की धरणाखाली जुनं गाव बुडालंय आणि त्यात महादेवाचं देऊळ आहे. झालं. मला साखरेसाठी चालवायला आलेली बाई महादेवाला प्रदक्षिणा घालू लागली. आता शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा ओलांडायची नसते, तिथून मागं फिरायचं असतं. तिच्या हिशेबानं सांडवा म्हणजे महादेवाच्या पाण्याची वाट. त्यामुळं दोन तास चालून, थांबा डोळ्यांसमोर असताना, आम्ही पाठ फिरवायचो आणि पुन्हा माळ, पुन्हा वाडी, पुन्हा बांध असे आल्या वाटेनं परत यायचो.

"अगं, देव पाण्याखाली, आपण माळावर. त्याला काय दिसतंय?" मी म्हणायचो.

"त्याला दिसतं. तुम्हाला दिसत नाही."

मी देवाधर्माच्या वाऱ्याला उभा राहणारा माणूस नाही, पण तिच्यापुढं माझं काही चालत नसे. खरं सांगायचं तर परतीचा तो रस्ता मला आवडायला लागला होता. कुरकुर करायला हक्काचं कारण मिळायचं आणि ती हसायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती मागं पडायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवरही. मी तिला गोगलगाय म्हणायचो. माळावर गवत कापणाऱ्या बाया होत्या, त्यांच्यासमोरही एकदा म्हणालो. त्या हसल्या, तीही हसली. पाठ दुखते म्हणाली तर मी म्हणालो, सोफ्यावर वाकडी बसतेस म्हणून. हे सगळं मला आज शब्द न् शब्द आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्या सोमवारी ती माळ उतरताना चार वेळा बसली. सांडव्यापाशी पोचलो तेव्हा पलीकडं एस.टी. येऊन उभी होती. ही गेली की पुढची अडीच तासांनी. माझं डोकं फिरलं.

"आता पुरे झालं तुझं. चल पलीकडं," मी म्हणालो.

ती पाण्याकडं बघत उभी राहिली. मी तिचा दंड धरला. ओढलं नाही, पण धरला. तिनं चपला हातात घेतल्या, फरशी ओलांडली आणि एस.टी.त खिडकीशी जाऊन बसली. बोईसर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, रुसली.

त्यानंतर तीन आठवड्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पसरलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून मला दाखवली. मला काही कळलं नाही, मी मान हलवली. हे कशानं झालं, मी विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.

तिनं मात्र आपल्यापुरतं कारण शोधून ठेवलं होतं. मला कित्येक महिने ते माहीत नव्हतं. उन्हाळ्यात, अंथरुणावरून उठणं बंद झाल्यावर, एका दुपारी म्हणाली, "माझं एक काम करा. धरणावर जा आणि पाण्यापाशी उभं राहून सांगा, बाईकडून ओलांडलं गेलं, पदरात घ्या."

"तू कुठं ओलांडलंस? मी ओलांडायला लावलं."

"पाय माझे होते," ती म्हणाली.

मेव्हणीला तिच्यापाशी बसवून मी सोमवारी एकटा गेलो. मे महिना होता, पाणी तळाला गेलं होतं. मी बांधावरून पाहिलं, देवळाचा कळस कुठं दिसतो का. भेगा पडलेला गाळ आणि मधोमध हिरवट डबकं, एवढंच. सांगायला तोंड उघडलं, पण त्या गाळाला काय सांगणार? तसाच पुढं निघालो. वाडीच्या मागं एक म्हातारा शेताच्या तुकड्यावर राब भाजत होता. पालापाचोळा पसरून जाळत होता, तिथंच पुढं भाताची रोपं धरायची. त्याला विचारलं, "बाबा, महादेवाचं देऊळ पाण्यात नक्की कुठं आहे?"

"म्हादेव?" त्यानं काठीनं विस्तव सारखा केला. "म्हादेव नाय इथं. आमचा वाघोबा हाय. तो पन पाण्यात नाय. पानी यायच्या आदीच आमच्या बापाशींनी खांद्यावर आनला. वाडीत हाय. बगायचाय?"

वाडीच्या पुढच्या अंगाला, अंगणवाडीशेजारी, पत्र्याची शेड होती. आत शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, पुढं नारळाची करवंटी. दर सोमवारी आम्ही याच्या पाठीमागून, पन्नास पावलांवरून जात होतो. जाताना एकदा, येताना एकदा. वाडीतल्या बाया आम्हाला हात करायच्या, आम्ही हात करायचो. तीस वर्षांत आम्ही इथल्या माणसांना त्यांचा देव कोणता एवढंही विचारलं नव्हतं. आपसातच ठरवून टाकलं होतं.

"याला पाणी ओलांडलेलं चालतं का?" मी विचारलं.

"वाघाला काय त्याचा?"

मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाचे हात धरले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्याजवळ तिला द्यायला काहीतरी होतं. एस.टी.ला वेळ होता म्हणून प्रवासी नेणाऱ्या एका इको गाडीला थांबवलं, दाटीवाटीनं बसून घरी आलो आणि चपला न काढताच तिच्या उशाशी बसलो. सगळं सांगितलं. महादेव नाही, देऊळ नाही, पाण्यात काही नाही. तुझ्या हातून काही घडलेलंच नाही.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी निघून गेलं. ते परत आणावं असं मला वाटलं, पण बोलून झालं होतं.

"म्हणजे माझी चूकच नव्हती?"

"नव्हती. काहीच नव्हती."

तिनं नजर वर फिरणाऱ्या पंख्याकडं वळवली. मग म्हणाली, "चूक असती तर माफी तरी मागता आली असती."

आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर ती सोळा दिवस होती. तिनं देवाचं नाव काढलं नाही, देव्हाऱ्यात दिवा लावला का म्हणून विचारलंही नाही. मी मात्र दोन्ही वेळेला लावत होतो. कुणापुढं लावतोय, ते मला माहीत नव्हतं.