ताईंनी सही केली नाही

यवतमाळच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दवाखान्याचा कापूस तयार होतो. जिनिंगमधून रुईच्या गठाणी येतात, कापूस उकळून पांढरा होतो, पिंजला जातो आणि गुंडाळ्या, पट्ट्या, गॉज होऊन बाहेर पडतो. मालक कंपनी युरोपातली. असे कारखाने तिचे बऱ्याच देशांत आहेत. मी तिथं कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे मी एकटीच. अकरा वर्षं माझं मुख्य काम एकच होतं: पहिल्या मजल्यावरच्या एका थंड खोलीतला सर्व्हर चालू ठेवायचा. खरेदी, साठा, उत्पादन, तपासणी, पाठवणी, कारखान्याचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ते सॉफ्टवेअर त्या खोलीत होतं. मे महिन्यात यवतमाळात घराघरांत कूलर घरघरत असायचे आणि मी स्वेटर घालून कामाला बसायचे.

मग कंपनीनं ठरवलं की जगभरातल्या सगळ्या कारखान्यांचं हे सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचं. आपापला डेटा प्रत्येक कारखान्यानं ठरलेल्या साच्याच्या फायलींत भरून द्यायचा, तो नव्या सिस्टीममध्ये चढवायचा, त्याची तालीम घ्यायची, आणि मग एका शुक्रवारी जुनं बंद करून सोमवारी नवं सुरू करायचं. आमचा नंबर पाच कारखान्यांच्या पहिल्याच तुकडीत लागला. कामासाठी पुण्याहून एक सल्लागार आले. वयानं माझ्याएवढेच, हुशार, बोलायला चपळ. त्यांच्या लॅपटॉपवर एक तक्ता कायम उघडा असायचा. काम झालं की त्यातला चौकोन हिरवा व्हायचा, आणि राहिलेल्या लाल चौकोनांकडे ते दात दुखल्यासारखं तोंड करून बघायचे.

स्टोअरच्या प्रमुख ताई होत्या. दारव्ह्याकडच्या. पंचवीस वर्षांपूर्वी पॅकिंगच्या टेबलावर लागल्या होत्या. नोकरी करता करता बी.कॉम. झाल्या आणि स्टोअरमध्ये आल्या. रविवारी विहारात मुलींना गणित शिकवायच्या, आणि कारखान्यातही त्यांचं बोलणं तसंच असायचं, समोरच्याला कळेपर्यंत समजावून सांगणारं. मी नोकरीला लागले तेव्हा माल कसा येतो, कसा जातो, हे मला शिकवलं ते त्यांनीच. मला त्या ‘पोरी’ म्हणायच्या. माझी पोरगी आता आठवीत आहे, तरी म्हणायच्या.

क्लाउडची पहिली बैठक झाली त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, “सगळं ढगात ठेवून राह्यले म्हन्ता. अन् तिथवर जाची दोरी कुठून हाय?”

“फायबरची लाइन आहे ताई. रस्त्याच्या कडेनं, जमिनीतून.”

“मंग झालं. रस्ता खोदला का ढग गेला.”

आम्ही दोघी हसलो. पण त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या पद्धतीची, मध्ये कार्बन घालून लिहायची चलनबुकं मागवून घेतली आणि स्टोअरच्या कपाटात नीट लावून ठेवली.

तालमीचा दिवस आला. माझ्या फायली नव्या सिस्टीममध्ये चढल्या आणि प्रत्येक विभागप्रमुखाला एकेक कागद मिळाला. आपल्या विभागातल्या कुठल्याही दहा नोंदी तपासायच्या, बरोबर असल्या की खाली सही करायची. ‘मी तपासले, बरोबर आहे’ असं त्यावर छापलेलंच होतं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या सह्या आल्या. ताईंची आली नाही. मी स्टोअरमध्ये गेले तर त्या हातात छापील यादी घेऊन रॅकपाशी उभ्या होत्या.

“ताई, दहाच लॉट पाहायचे आहेत.”

“दहा कायले? सगळेच पाहतो ना मी.”

“साडेतीनशे लॉट आहेत.”

“तं काय झालं? मले पाय हायेत.”

दोन दिवस त्या स्टोअरभर फिरल्या. प्रत्येक लॉटला एक कार्ड लटकवलेलं असतं, त्यावरचं वाचायचं, यादीशी ताडायचं, पेन्सिलीनं टिक करायची. सल्लागारांच्या तक्त्यात स्टोअरचा चौकोन तेवढा लाल राहिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांचा फोन आला. “इकडे ये वं जरा.”

एका रॅकपुढे त्यांनी मला उभं केलं. “या लॉटले कोनतं कार्ड हाय?”

“पिवळं.”

“अन् तुह्या नव्या सिस्टीममध्ये?”

मी यादी पाहिली. ‘मोकळा’ असं लिहिलं होतं, म्हणजे कुठल्याही ऑर्डरला चालेल असा. पुढे काही नाही.

पिवळं कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. काही लॉट तपासणीत पास होतात, पण ऑपरेशनसाठी चालतील इतके नाहीत. साध्या मलमपट्टीला, प्रथमोपचाराच्या पेटीला ते उत्तम. ऑपरेशन थिएटरच्या मालात मात्र जायला नकोत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असा लॉट ‘मोकळा’च दिसायचा, फक्त शेवटच्या रकान्यात एक अक्षर असायचं. ते अक्षर असलं की थिएटरच्या ऑर्डरला तो लॉट लागायचाच नाही. आमच्या कारखान्यानं ही सोय स्वतःपुरती करून घेतली होती. नव्या साच्यात त्या अक्षराला जागाच नव्हती.

आणि हे मला माहीत होतं. फाईल भरताना ते अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. सल्लागारांना विचारू, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले होते. संध्याकाळपर्यंत फाईल पाठवायची होती. पाठवली, आणि विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. 

“असे किती आहेत, ताई?”

“तेवीस.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणार. फाईल माझ्याशिवाय भरणार कोण? पण त्या एवढंच म्हणाल्या, “चाल, साहेबायले सांगू.”

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सल्लागारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तेवीसच लॉट आहेत ना? लाइव्ह गेल्यावर हातानं दुरुस्त करू. अर्ध्या तासाचं काम आहे. मॅडम, तुम्ही सही करून टाका.”

ताई म्हणाल्या, “सोमवारी सकाळी सातले पहिली गाडी भरते, साहेब. तुमची दुरुस्ती दहाले होईन. मधात जे गेलं, ते वापस कोन आनन?”

“एवढ्यात काही होत नाही हो.”

“न होवो. पन इथं लिवलं हाय, ‘मी तपासले, बरोबर आहे’. मी तपासलं. बरोबर नाई. मी सही नाई करत.”

आवाज चढलेला नव्हता. विहारातल्या एखाद्या मुलीचं उत्तर चुकलं तर सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मॅनेजरसाहेब भला माणूस, पण त्यांच्यावरही वरून दबाव होता. ते म्हणाले, “ताई, आपल्यामुळे पाच कारखान्यांचं वेळापत्रक अडेल.”

“मंग तुमी करा, साहेब. माह्या जागी तुमची सही चालते. मी अडवत नाई.”

साहेबांनी कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ ते त्या छापील ओळीकडे पाहत राहिले. मग टोपण लावलं आणि सल्लागारांना म्हणाले, “मुख्यालयाला कॉल लावा.”

दुपारी कॉल झाला. पडद्यावर कंपनीचा प्रकल्पप्रमुख होता. पिकलेले केस, थकलेला चेहरा. त्याच्या मागच्या खिडकीतून तिकडची सकाळ दिसत होती. ताईंचं म्हणणं इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. लॉट, कार्ड, अक्षर, थिएटर, सगळं मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, दोन नेमके प्रश्न विचारले आणि मग तिसरा विचारला: ते अक्षर फाईलमध्ये आलं कसं नाही? कोणाकडून राहिलं?

मी प्रश्न ताईंना मराठीत सांगितला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “सांग त्यायले, आमच्या स्टोअरकडून राह्यलं. आम्ही आधी सांगाले पाह्यजे होतं.”

खोलीत ही गोष्ट मला आणि त्यांना सोडून कोणालाच नीट माहीत नव्हती. त्यांनी सांगितलं तसं इंग्रजीत सांगून मी मोकळी होऊ शकत होते. सल्लागारांना कदाचित संशय आला असता, पण ते बोलले नसते. मी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले की फाईल मी भरली. ते अक्षर मी पाहिलं होतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चूक माझी आहे, आणि ती सापडली ते या बाई दोन दिवस पायी फिरल्या म्हणून.

ताईंना इंग्रजी बोलायला जड जायचं, समजायला नाही. त्यांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली.

प्रकल्पप्रमुखानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता काय होतंय, याची वाट पाहत मी बसून राहिले. मग त्यानं विचारलं, आणि हे शब्द मी विसरणार नाही: “दुसऱ्या कारखान्यांतही अशी स्वतःपुरती खूण असेल का?”

ते कोणी पाहिलंच नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं शुक्रवारचा मुहूर्त तीन आठवडे पुढे ढकलला आणि सगळ्या कारखान्यांना पूर्ण स्टोअर तपासायला सांगितलं. शेवटी त्यानं ताईंचं नाव विचारून घेतलं, आपल्या परीनं ते उच्चारलं, आणि आभार मानले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ताई माझ्यावर उखडल्या. “मी सांगतलं काय, अन् तू सांगतलं काय! असं करतेत काय?”

“ताई, खोटं कसं सांगू?”

“खोटं कुठं होतं? तुले शिकवलं मीच ना? मंग राह्यलं ते माह्याकडूनच.” असं म्हणून त्या तरातरा स्टोअरकडे निघून गेल्या. मी तिथंच खिडकीच्या गजाला धरून थोडी रडले. मग तोंड धुऊन फाईल नव्यानं उघडली.

दोन आठवड्यांत कळलं की आणखी दोन देशांतल्या कारखान्यांत अशाच खुणा होत्या. एकीकडे तर ती खूण लावणारा माणूस निवृत्त झाला होता आणि तिचा अर्थ मोजून दोघांना ठाऊक होता. कंपनीच्या साच्यात एक नवा रकाना आला. सल्लागार एका सकाळी आपण होऊन स्टोअरमध्ये गेले आणि ताईंना म्हणाले, “मॅडम, मला माल कसा फिरतो ते दाखवाल? मी आजवर फक्त फायली पाहिल्यात.” ताईंनी त्यांना डोक्यावर जाळीची टोपी घालायला लावून गठाणींपासून गाडीपर्यंत चालवलं. परत आले तेव्हा टोपी तशीच डोक्यावर होती. “अर्धा तास म्हणालो होतो मी,” एवढंच ते मला म्हणाले. त्या माणसाबद्दलचा माझा राग तिथं संपला. चूक पाहायला स्वतः चालत जाणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

बदलाचे तीन दिवस कारखाना कार्बनच्या चलनांवर चालला. ताईंनी प्रत्येकाला आधीच लिहायला बसवून सराव घेतला होता. रविवारी दुपारी सगळ्याच्या सगळ्या नोंदी जुळल्या आणि ताईंनी सही केली, पूर्ण नाव लिहून, खाली तारीख घालून. सर्व्हर बंद करायचं बटण मी दाबलं. अकरा वर्षं कानात बसलेली घरघर थांबली. वाईट वाटेल असं वाटलं होतं, भूकच लागली. सल्लागारांनी कळंबहून पेढे आणले होते, ते आम्ही उभ्याउभ्याच संपवले.

नवी सिस्टीम सोमवारी चालली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बंद पडली. नाल्याचं काम करणाऱ्या जेसीबीनं रस्त्याकडेची केबल तोडली होती. मी धावत स्टोअरमध्ये गेले तर ताई कपाट उघडून चलनबुकं वाटत होत्या. मला पाहून त्यांनी भुवया उडवल्या. चार तास गाड्या कागदावर भरल्या, लाइन आल्यावर नोंदी चढवल्या, एकही अडली नाही. पुढच्या महिन्यात आम्हाला दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन मिळाली. त्यासाठी मी तीन वर्षं पत्रं लिहीत होते. ‘रस्ता खोदला का ढग गेला’ या ताईंच्या एका वाक्यावर मुख्यालयानं मंजुरी दिली.

आता दर पंधरवड्याला ताईंचा एक कॉल असतो. पुढच्या तुकडीतल्या कारखान्यांच्या स्टोअरवाल्यांना त्या समजावून सांगतात आणि मी इंग्रजीत सांगत जाते. परवाच्या कॉलवर दूरच्या एका देशातल्या स्टोअरची बाई होती, ताईंच्याच वयाची. कामाचं बोलणं संपलं, मी कॉल बंद करणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “थांब वं. विचार तिले, दिवसभर उभी राह्यते काय? घडीघडी वाकून पाय दाबून राह्यली.”

मी विचारलं. ती बाई चकित झाली, मग हसली आणि कॅमेरा खाली करून आपले सुजलेले घोटे दाखवू लागली. त्या सुजेवरचा उपाय ताईंनी तिला पंधरा मिनिटं सांगितला, मीठ किती, पाणी किती गरम, पाय किती वेळ ठेवायचे. मीही तो शब्दन् शब्द तिला सांगितला, यावेळी काहीही न बदलता.