काजूच्या तेलानं भाजलेली

"महारोग नाय हो ह्यो. काजूच्या तेलानं भाजलंन मला."

तुम्ही तिच्या ओटीवर पाऊल टाकलंत की आधी हे वाक्य, मग "या, बसा". पोस्टमनलाही तिने ते ऐकवलं होतं. मांजराला दूध घालतानाही सांगत असेल, असं आमच्या आळीतले टवाळ म्हणत.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. लग्न होऊन मी नुकतीच रत्नागिरीला आले होते. ती माझी शेजारीण. विधवा, पदरी एक मुलगी, राहायची भावाकडे. काजूच्या कारखान्यात बिया भाजताना टरफलांचं तापलेलं तेल तिच्या दोन्ही हातांवर सांडलं. मालकाने खोबरेलाची बाटली पाठवली आणि तो मोकळा झाला. कातडी भरून आली ती काळी-पांढरी, आवळलेली. बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. वैशाखात घाम आला की हातांची आग आग व्हायची. मग ती ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसायची.

"पण जखम बरी झाली ना?" मी एकदा विचारलं.

"वरून झाली वो वयनी. आतून अजून भाजतंय."

मुलगी देखणी होती. दोन स्थळं चालून आली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी आईचे हात पाहिले आणि चहा तसाच राहिला. काजूचं तेल कोण ऐकून घेतो!

तिसरं स्थळ खेडचं. तेव्हा तिनेच भावाला सांगितलं, "पोरीला आई नाय म्हण. मेली म्हण." भाऊ 'नको' म्हणाला नाही. मी समोरच बसले होते.

लग्नाच्या दिवशी सारी आळी मुकी झाली. ती मागच्या पडवीत बसून होती. वराची आत्या पाणी मागायला तिकडे गेली आणि ओरडली, "ही बाई अन्नाला हात लावत नाही ना?"

"छे छे! केरवारे करते," भाऊ म्हणाला.

नवरीने ऐकलं, पण मान वर केली नाही. मला सगळ्यांचाच राग आला, त्या शहाण्या आईचासुद्धा.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. "पोरीला कळवा हो," मी भावाला म्हटलं.

"काय कळवू, वयनी? त्या घरात ती लग्नाआधीच मेलीय."

गणपतीला लेक-जावई आले. आईला शोधत मुलगी माझ्या मागच्या दारी आली, तेव्हा मलाच सांगावं लागलं. जावई आमच्या गणपतीचं दर्शन घेऊन पुढच्या ओटीवर चहा पीत होता. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.