धुराड्यात शिरणारा बाळाराम

खारबावचा बाळाराम १९८२ साली कामतघरच्या एका सायझिंग कारखान्यात लागला. सुताला खळ लावायची तर वाफ हवी, म्हणून बॉयलर. त्या बॉयलरच्या तोंडाशी त्याची ड्युटी. आधी लाकूड जळायचं. पुढे मालक केसरीनाथ चिंध्या, प्लास्टिक, फाटके टायर पाठवू लागले. शुक्रवारी कापड विणणारे लूम बंद, म्हणून बॉयलरही थंड. त्या दिवशी धुराड्याच्या बोळात शिरून काजळी खरवडायची. बाळाराम अंगानं काटकुळा, म्हणून ते काम त्याच्याच गळ्यात पडलं. अकरा वर्षं.

उजव्या मनगटावर चामखिळीएवढा फोड आला, फुटला, पण भरेना. बायको हौसा हळद लावायची. काखेत गाठ आली तेव्हा तो मुंबईला गेला. डॉक्टरांनी कामाचं विचारलं आणि सांगितलं, की टायर-चिंध्या अर्धवट जळल्या की बेंझोपायरीन नावाचं रसायन तयार होतं, ते काजळीत राहतं, कातडीत मुरतं. कॅन्सर त्यानंच झाला असणार. बाळारामानं तो शब्द कागदावर लिहून घेतला.

हात कोपराच्या वर कापला.

जखम सुकल्यावर तो कागद घेऊन तो मालकाकडे गेला. केसरीनाथांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाले, "काजळी तर घरच्या चुलीतही असते, बाळाराम."

त्याच्या जागी महादू लागला होता. बाळारामानं त्याला कळवळून सांगितलं, की आत जाऊ नको. महादू खाली मान घालून म्हणाला, "मी न्हाय गेलो तर दुसरा जाईल. माझ्या घरी कोण हाय कमावणारं?"



पुढच्या शुक्रवारी बाळाराम साबणाची वडी घेऊन कारखान्याच्या नळावर येऊन बसला. महादू काळाठिक्कर बाहेर आला, तसं त्याला उघडा करून डाव्या हातानं पाणी ओतलं. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, काळं पाणी थांबेपर्यंत चोळायला लावलं. लोक हसले. महादूलाही लाज वाटली. तरी दर शुक्रवारी बाळाराम येत राहिला. दम लागायला लागला तरी आला.

१९९५च्या दिवाळीआधी तो गेला. छातीत पसरलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर महादू खारबावला आला. हौसेसमोर बसला. बाही वर सारून कोपरावरचा न भरणारा फोड तिला दाखवला आणि विचारलं, "वहिनी, दादांचं असंच सुरू झालेलं काय?"

हौसेनं दिवा जवळ आणला.