पूर्वेचा वारा आणि आर्व्हिलची पट्टी

माझा थोरला भाऊ आर्व्हिल स्टेम्पल म्हणजे महाहट्टी माणूस. एकाहत्तर वर्षांचा, गुडघा कामातून गेलेला, तरी ऑक्टोबर उजाडला की आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एकटाच भटकणार. हरणांनी कुठल्या झाडाच्या सालीवर शिंगं घासलीत, लेंड्या कुठे ताज्या आहेत, कोणत्या ओकखाली फळांचा सडा पडलाय, सगळं डोक्यात साठवून यायचा. मग कुणी कोणत्या मचाणावर बसायचं ते तोच ठरवायचा. "झाड बघून मचाण बांधतात ते बावळट," म्हणायचा. "आधी वारा बघायचा."

त्याचा दुसरा हट्ट म्हणजे फळी. शिकारीच्या झोपडीत दारामागे एक फळी आहे, तिच्यावर प्रत्येक मचाणाचा एक खिळा. निघताना आपल्या नावाची पत्र्याची पट्टी आपल्या मचाणाच्या खिळ्याला अडकवायची. जागा बदलायची तर आधी झोपडीत येऊन पट्टी हलवायची. कोण कुठे बसलंय हेच ठाऊक नसेल, तर गोळी कुणालाही लागेल ना! एकदा माझा नवरा पट्टी न हलवता दुसरीकडे सरकला, तर आर्व्हिलने त्याला त्याच दिवशी घरी हाकललं. वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

यंदा नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यातल्या सोमवारी, शिकारीच्या पहिल्या दिवशी, आम्ही तिघंच होतो. आर्व्हिल, मी आणि शेजारचा डेन्सिल. दुपारी बाराला जेवायला परतायचं ठरलं होतं. एक वाजला. घेवडा निवला, मक्याचा पाव निवला, आर्व्हिलचा पत्ता नाही. त्याची पट्टी ओढ्याकाठच्या मचाणाच्या खिळ्याला होती. आम्ही तिकडे धावलो. मचाण रिकामं! वरून बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

"ओढ्यात पडला असेल," डेन्सिल म्हणाला. "काठाकाठानं खाली शोधू."

"पडायला तो काय तू आहेस?" मी खेकसले. फोनला रेंज नाही. चार तासांत अंधार. एवढ्या थंडीत म्हातारं माणूस टिकणार तरी किती?

काही सुचेना म्हणून मी मचाणावर चढले आणि तो बसतो तशी बसले. मानेवर गार वारा लागला. अगं बाई, सकाळी निघताना तर तो पश्चिमेचा, म्हणजे इथे बसलं की तोंडावर येणारा होता! नऊच्या सुमाराला वारा फिरून पूर्वेचा झाला होता. म्हणजे आर्व्हिलचा वास थेट हरणांच्या वाटेवर जाणार. अशा जागी तो मिनिटभरही बसला नसता. पूर्वेच्या वाऱ्याला चालेल अशी जागा एकच, वरची खडकाळ खिंड. गुडघ्यापायी गेल्या वर्षी त्याने ती सोडली होती. पण यंदाही कपडे धुताना त्याच्या खिशातून फक्त तिथेच असलेल्या ओकची फळं मीच काढली होती.

"डेन्सिल, झोपडीत जा. माझी पट्टी खिंडीच्या खिळ्याला लाव आणि दोर, घोंगड्या घेऊन वर ये."

"अगं, तो कशाला तिकडे मरायला जाईल? त्याची पट्टी तर..."

"जा म्हणते ना!"

चढताना मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. खिंडीत दोन खडकांच्या फटीपाशी नारिंगी जाकीट दिसलं. पाय फटीत अडकलेला, ओठ निळे पडलेले.

"मेल्या, जिवंत आहेस ना?"

"हळू बोल," तो पुटपुटला. "मोठा नर आत्ताच गेला. वारा बरोबर होता."

हसावं की रडावं तेच कळेना. माझं जाकीट त्याच्यावर घातलं आणि मग सगळा राग बाहेर पडला. "पट्टी का नाही हलवलीस? माझ्या नवऱ्याला हाकललं होतंस ना? आम्ही ओढ्यात शोधत बसलो असतो आणि तू इथे गोठून गेला असतास!"

"झोपडीपर्यंत उतरून परत इथवर यायचं मला जमलं नसतं, ओलेटा. एकदाच चढता येणार होतं."

खालून डेन्सिलची हाक आली. आर्व्हिलने माझा हात घट्ट धरला.

"तुझी पट्टी हलवलीस ना?"

"डेन्सिलनं हलवली."

"मग माझी कायमची उतरवून ठेव. नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला.