शिक्षा करा, पण मापात

जवानांच्या शिक्षेविरुद्ध लढणाऱ्या ऑफिसात फायलींचे ढीग साठत असतील, असं लोकांना वाटतं. आमच्या गुलबर्ग्याच्या ऑफिसात किस्सेच जास्त साठलेत!

आमचे सीनियर कर्नलसाहेब, लष्कराच्या कायदा विभागातून रिटायर झालेले. मी दिल्लीहून वकिली शिकून आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे न्यायावर लांबलचक बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"छान. आता पंखा लाव."

•

पहिली केस अफजलपूरची. हवालदार शिवराज बहिणीच्या लग्नापायी रजा संपल्यावरही घरीच राहिला. कोर्ट मार्शल झालं आणि थेट बडतर्फ! नोकरी गेली, पेन्शनही गेली.

त्याचे वडील अप्पा ऊस पिकवणारे. म्हणाले, "चुकलाय त्यो. शिक्षा करा की! पण मापात."

शिवराज पुटपुटला, "अप्पा, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलायलाव?"

•

कागद वाचून माझं डोकंच फिरलं. शिक्षा ठरताना फिर्यादी अधिकाऱ्यानं 'हा नेहमीच पळतो' असं ठोकून दिलेलं. शिवराजची आधीची नोकरी तर अगदी स्वच्छ!

"अप्पा, फिर्यादीनं आरोपीच्या बाजूचं लपवायचं नसतं. नियमच आहे तसा!"

"म्हंजे वजनाला काटा मारला म्हणा की!"

कर्नलसाहेबांनी मला बजावलं, "हे कोर्टात बोलू नकोस."

•

मग तालीम. कर्नलसाहेब फिर्यादी झाले आणि गरजले, "हा माणूस नेहमीचाच पळपुटा!"

शिवराज ताडकन सावधानमध्ये उभा! "चूक झाली, सर!"

मी कपाळाला हात लावला. अप्पांनी मात्र उठून कर्नलसाहेबांच्या पुढचा चहा उचलला.

"खोटं बोलायलाव, अन् वर च्या कामून पाजू?"

•

लष्करी अपिलं ऐकणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये मी इंग्रजीत तावातावानं बोलत होते. फिर्यादीचं ते वाक्य वाचून दाखवताना ताबा सुटला आणि मराठीतच ओरडले, "काटा मारलाय, सर, काटा!"

न्यायाधीशांनी कर्नलसाहेबांकडे पाहिलं.

कर्नलसाहेब गंभीरपणे म्हणाले, "मॅडमचं म्हणणं आहे, शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात नाही."

•

निकाल लागला. बडतर्फी रद्द, त्याऐवजी फक्त कडक ताकीद. शिवराज पुन्हा नोकरीवर!

त्याला निरोप द्यायला आम्ही अफजलपूरला गेलो. बसस्टँडसमोर हलगी वाजत होती आणि भलामोठा फ्लेक्स लागला होता. वर वर्दीतला शिवराज, खाली शुभेच्छुकांमध्ये काळ्या कोटातली मी.

अप्पांनी हळूच विचारलं, "अक्का, अक्षरं मोठी हायत न्हवं?"

कर्नलसाहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं:

"आपले लाडके हवालदार शिवराज यांना कडक ताकीद मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"