उद्या बोटीची तपासणी, आज वसंता पाण्यात

नागपूरकरांनो, उद्या आमच्या बोटीची सुरक्षा तपासणी आहे. मौद्याकडच्या एका तलावावर मी आणि माझा भागीदार वसंता लोकांना बोटीतून फिरवतो. सर्टिफिकेट मिळालं नाही तर बोट काठालाच.

सकाळपासून तयारी सुरू होती. रंगाचा हात मारला, लाइफ जॅकेट उन्हात टाकली. बुडणाऱ्याकडे फेकायची ती लाल-पांढरी गोल ट्यूब असते ना, ती वसंतानं रेलिंगवरच साबणानं घासून चकाचक केली.

तेवढ्यात साबणाच्या पाण्यावरून त्याचा पाय घसरला आणि गडी थेट खोल पाण्यात.

"ट्यूब फेक ना गा!" तो ओरडला.

मी ओढली. हलेचना.

"निघून नाही राहिली! तारेनं बांधली हाय!"

"कोणं बांधली बे?"

"तूच तर बांधली!"

खरंच. लोक सेल्फीसाठी ट्यूब गळ्यात घालायचे आणि कुठंही टाकून जायचे, म्हणून त्यानंच तारेचे पक्के पीळ मारले होते.

वसंता पोहणारा, शिडी धरून वर आला. पण आमच्या बोटीत बसणाऱ्या किती जणांना पोहता येतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

वर आल्यावर त्यानं टॉवेल नाही, पक्कड मागितली.

आता ट्यूब नुसती खुंटीला अडकवली आहे. काढा खुशाल सेल्फी.

तुमच्या दुकानात, सोसायटीत आग विझवायचा लाल सिलिंडर असेलच. आज एकदा भिंतीवरून काढून पाहा. निघाला का, तेवढं खाली लिहा.