नराच्या पोटातली अंडी

प्रवरेचं पाणी त्या सकाळी स्वच्छ होतं, आणि मला त्याचाच राग आला. फेस नाही, वास नाही, उलटा तरंगणारा मासा नाही. मेलेला मासा दिसला की मोर्चा निघतो, फोटो छापून येतो. संप्रेरकांची नक्कल करून शरीराला खोटे निरोप देणारी रसायनं अशी उघड मारत नाहीत. म्हणून त्यांच्यावर पत्रकं काढावी लागतात, आणि ती मी लिहिते.

कोल्हारच्या काठावर मी तपकिरी काचेच्या बाटल्या भरत होते. प्लास्टिक चालत नाही. तसली रसायनं त्यातूनही उतरतात. शेजारी, काठालगतच्या आपल्या घरापुढे, एक मावशी नवऱ्याने जाळ्यातून काढलेले चिलापी मासे निवडत होत्या. पोटावर अंगठा दाबायचा: नर बाजाराच्या पाटीत, अंड्यांची मादी घरी. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा सरत आलेला. माशाच्या अंड्यांनी बाळ भरदार होतं, असं त्यांच्यात मानतात.

बाजाराची पाटी जवळजवळ रिकामीच होती.

"यंदा समद्या बायकाच घावत्यात," मावशी हसल्या. "नदीनं बाप्ये हाकलून दिले जनू."

मग त्यांनी एक काळपट अंगाचा मासा उचलला. रंगावरून हा नर, म्हणाल्या. अंगठा दाबला, थांबल्या, आणि विळीवर तो चिरला. आत नराच्या वृषणाची पांढरी पट्टी होती आणि तिच्यात रुतून बसलेले अंड्यांचे पिवळे दाणे. मासा अजून तोंड उघडत-मिटत होता. हे चित्र मी पत्रकात छापलं होतं. कुणाच्या तळहातावर कधी पाहिलं नव्हतं. मावशींनी दाणे बोटाने सोडवले आणि लेकीसाठी ठेवलेल्या वाटीत टाकले.

"मावशी, हे तिला देऊ नका."

"का? रिपोट आलाय?"

"नाही. महिना लागेल."

"म्हैन्यात ती बाळंत हुईल, ताई."

मी सगळं सांगितलं, भाषणात सांगते तसं, न थांबता. लेक दारात येऊन पोटावर हात ठेवून ऐकत होती. तिने वाटी उचलून पायरीखाली ठेवली. आईकडे बघितलंही नाही.

"अन् पानी?" तिने मला विचारलं.

त्यांचा हातपंप काठापासून दहा पावलांवर होता. तपासायला म्हणून मी पंपाखाली आणखी एक बाटली धरली. दांडा तिनेच मारला. बाटली भरली, तेव्हा उरलेल्या धारेला तिने ओंजळ लावली आणि प्यायली.